हातपंप आणि मनुष्याचे बळ

खेड्यांतील शिक्षक, उपदेशक व तरुण मंडळी ह्यांजकडून आम्हांस जे प्रश्न येतात, त्यांत सृष्टीतील व यंत्रांतील नवलांविषयीचे प्रश्न थोडे नसतात. रोज डोळ्यांसमोर जी गोष्ट घडते, तिचे कारण विचारावे ही बुद्धी चांगली आहे, आणि अशा प्रश्नास “ते शास्त्रज्ञांचे काम” असे म्हणून वाटेस लावणे आम्हांस बरे वाटत नाही. ह्या वेळी एकच प्रश्न घेऊ. तो असा: गावच्या हापशावर दहा-बारा वर्षांची मुलगी दांडा दाबते, आणि १०० फुटांखालचे पाणी घागरीत पडते. एवढे पाणी उचलण्याचे बळ तिच्या अंगी येते कोठून? हापसा बळ निर्माण करितो, की भूमीच पाणी वर लोटून देते?

भूमी लोटीत नाही, हे प्रथम सांगून टाकू. काही थोड्या ठिकाणी पाणी आपोआप उसळून वर येते हे खरे. पण आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी खडकाच्या भेगांत साठलेले असते, आणि बोअरमध्ये ते आपल्या पातळीस येऊन उभे राहते. तेथून वर आणावयाचे ते कोणाच्या तरी श्रमानेच.

येथे कोणी म्हणेल की, डिझेलच्या पिंपात नळी घालून तोंडाने ओढिले की डिझेल वर येते. तसेच हापसा पाणी ओढून घेत असेल. ही समजूत फार जुनी आहे आणि मोठमोठ्यांचीही होती. परंतु ओढणारा वास्तविक ओढीत नाही. तो नळीतील हवा काढून घेतो, आणि बाहेरची हवा पिंपातील डिझेल दाबून नळीत वर चढविते. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्याचे वजन दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो पडते. आणि पाण्याचा १० मीटर उंचीचा खांबही दर चौरस सेंटिमीटरवर तेवढाच भार टाकतो. म्हणजे हवा पाण्यास फार तर १० मीटर, सुमारे ३३ फूट, वर चढवील. त्यापुढे कितीही मोठे इंजिन लाविले तरी नुसत्या ओढीने एक थेंब येणार नाही. इटलीतील पंपांचा हा अनुभव गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला, आणि त्याचे खरे कारण त्याच्यामागून टॉरिचेली ह्याने १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणून तो ७६ सेंटिमीटरांवर थांबतो.

यास्तव खोल बोअरच्या हापशाचे मुख्य अंग आपणांस दिसते ते नव्हे. ते जमिनीखाली, पाण्यात बुडालेले असते. ते एक पितळी अस्तराचे नळकांडे असून त्यात दट्ट्या खाली-वर होतो. दट्ट्यास एक झडप आणि नळकांड्याच्या तळाशी दुसरी. दट्ट्या वर चढला की त्याच्यावरचे पाणी उचलले जाते व तळच्या झडपेतून नवे पाणी आत येते. दट्ट्या उतरला की तळची झडप मिटते आणि तेच पाणी दट्ट्याच्या झडपेतून वर जाते. अशा रीतीने पाणी ओढले न जाता उचलले जाते, आणि उचलण्यास १० मीटरांची मर्यादा नाही. वरचा दांडा व खालचा दट्ट्या ह्यांस लोखंडी सळयांची रांग जोडते.

आता भार किती, तो पाहू. आपल्या गावोगावी जो “इंडिया मार्क २” नावाचा हातपंप उभा आहे, त्याच्या नळकांड्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर व दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो भार पडतो, आणि सळयांचे वजन धरून तो १२० किलोच्या आसपास जातो. एवढे वजन मुलीने उचलावे हे अशक्य. पण ज्याने पहारीने धोंडा उलथिला आहे त्याला ह्यातील युक्ती ठाऊक आहे. पहारीचा टेकूपलीकडचा भाग लहान व हाताकडचा लांब. म्हणून थोड्या जोराने मोठा धोंडा हलतो. हापशाचा दांडा अशीच पहार आहे, आणि तिचे प्रमाण आठास एक ठेविले आहे. म्हणून १२० किलोंच्या जागी हातास सुमारे १५ किलो जोर लावावा लागतो, व तोही खाली दाबून, म्हणजे अंगाचा भार टाकून.

मग बळ वाढले की नाही? वाढले नाही. दट्ट्या १२५ मिलिमीटर वर चढावा म्हणून दांड्याचे टोक त्याच्या आठपट, जवळजवळ १ मीटर, खाली न्यावे लागते. जोरात जे वाचले ते अंतरात भरून द्यावे लागले. एका दाबात पाणी मिळते सुमारे ४०० मिलिलिटर. म्हणजे १० लिटर पाण्यास २५ दाब. कोणी ३० मीटर खोल विहिरीतून १० लिटरांचा पोहरा एका दमात ओढो, की कोणी २५ वेळा दांडा दाबो, पाण्यावर झालेले काम अगदी तितकेच. यंत्र मनुष्याच्या बळाची मोड करून देते. रुपयाचे सुटे पैसे करावे तशी. सुटे केल्याने रुपया सव्वा रुपया होत नाही.

हा हिशेब ज्याच्या ध्यानी आला, तो “एकदा फिरविले की आपणच फिरत राहील” असल्या यंत्राच्या नादी लागून आपली जमा घालविणार नाही. असली यंत्रे घेऊन येणारे लोक आजही खेड्यांत हिंडतात, आणि शिकलेले लोकही त्यांस फसतात. पॅरिस येथील शास्त्र-परिषदेने तर १७७५ सालीच ठरविले की, अशा यंत्रांच्या अर्जांचा विचारच करावयाचा नाही.

आता ह्या पंपाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध आपल्याच मुलुखाशी व मिशनांच्या कामाशी आहे. पूर्वी जे बिडाचे हातपंप येथे बसविले जात, ते युरोप-अमेरिकेच्या धर्तीचे, एका घरास पुरावे अशा बेताचे होते. येथे एका पंपावर सारे गाव लोटे. खिळी झिजत, दांडे डुलू लागत, आणि बीड तुटले म्हणजे गावच्या लोहारास ते सांधता येत नसे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांतील तीन पंप बंद आढळले. ह्यापूर्वीच, १९६० नंतरच्या दशकात, जालना येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनच्या विहीर-कामात, तसेच वडाळा (जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) व सोलापूर येथे, पोलादी पत्र्याचे, एकाच आसावर फिरणारे मजबूत पंप तयार करण्यात आले होते. त्यांपैकी सोलापूरच्या पंपावरून पुढे सरकार, युनिसेफ आणि मद्रास येथील रिचर्डसन आणि क्रुडास हा कारखाना ह्यांनी मिळून “मार्क २” सिद्ध केला. ह्या शतकाच्या आरंभापूर्वीच असे पंप लाखांनी बसले, आणि युगांडासारख्या आफ्रिकेतील देशांतही गेले. जालन्याच्या माळावर सुचलेली गोष्ट तेथवर पोहोचली ह्याचा आम्हांस संतोष वाटतो.

ह्या पंपातील साखळीकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. सळई दांड्यास खिळीने न जोडता, कमानीवरून उतरणाऱ्या साखळीस जोडली आहे. म्हणून ती सरळच वर-खाली होते, बाजूस घासत नाही. पण साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळया खाली उतरतात त्या आपल्या वजनाने. उथळ विहिरीत सळया थोड्या व हलक्या, म्हणून तेथे हा पंप धडधडतो व हिसके देतो. ती बिघाडाची खूण नव्हे.

तर आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे येऊ: मनुष्याचे बळ आहे तरी किती? इंग्लंडात १७८० नंतर जेम्स वॉट ह्याने आपल्या इंजिनांची तुलना घोड्यांशी करण्यासाठी “अश्वशक्ती” हे माप ठरविले; ते आजच्या हिशेबाने सुमारे ७४६ वॅट होते. धडधाकट मजूर दिवसभर जे काम नेटाने करू शकतो, ते सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. क्षणभर तो याच्या कित्येक पट जोर करील, परंतु दिवसभर नव्हे. आता पाहा, ३० मीटर खोलीवर मिनिटास ४० दाब दिले तर १६ लिटर पाणी मिळते. आणि त्या कामाचा हिशेब केला तर तो ७८ वॅट येतो. म्हणजे हा पंप मनुष्याच्या अंगास मापून शिवलेल्या सदऱ्यासारखा आहे. विजेचे एक युनिट म्हणजे अशा मजुराची १३ तासांहून अधिक मेहनत, हेही ह्यावरून ध्यानात येईल. दिवा उगाच जळत ठेवणाऱ्यांनी विचार करावा.

जुन्या सरकारी नियमात माणशी रोज ४० लिटर पाणी व २५० माणसांमागे एक हातपंप धरिलेला असे. २५० माणसांचे १०,००० लिटर होतात. मिनिटास १६ लिटर ह्या बेताने दांडा साडेदहा तास अखंड हलला पाहिजे. हे काम करीत कोण होते? आम्ही इतकी गावे पाहिली, पण हापशावर पुरुषांची रांग क्वचितच पाहिली. पाच माणसांच्या घरास २०० लिटर लागतात. त्याला १२-१३ मिनिटे दांडा मारावा लागतो. उसाच्या मळ्यांचे बोअर चालू झाले, गावचे पाणी ३० मीटरांवरून ६० मीटरांवर गेले, तर तेवढ्याच बळाने तेवढ्याच पाण्यास २५ मिनिटे लागतील, आणि हातावरचा भारही दुप्पट होईल. हा साधा पंप ४५-५० मीटरांपुढे बसवीत नाहीत तो ह्याच कारणाने. पाणी खाली गेल्याची किंमत शेताच्या वहीत लिहिली जात नाही. ती घरच्या बाईच्या दंडात वसूल होते.

पाणी वर आले तरी घरी न्यावयाचे राहिलेच. येथे यंत्रशास्त्र एक विलक्षण गोष्ट सांगते: सपाट वाटेने हंडा डोक्यावर नेणारी स्त्री हंड्यावर काहीच काम करीत नाही, कारण हंडा वर उचलला जात नाही. हे ऐकून आमच्या भगिनी हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. हंड्यावर काम होत नसले तरी मानेचे व पाठीचे स्नायू भार तोलताना झिजतच असतात, आणि प्रत्येक पावलागणिक शरीर थोडे वर उचलले जाते. तथापि ह्यातही एक नवल आहे. केनियातील किकुयु व लुओ स्त्रियांची परीक्षा घेऊन शास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केले की, ह्या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे घेऊन चालल्या तरी त्यांच्या शरीरास प्राणवायू अधिक लागत नाही. लहानपणापासून अंगी मुरलेली त्यांची चालच अशी की, एका पावलातील झोक पुढच्या पावलास उपयोगी पडतो. मात्र पाचव्या हिश्शापुढे श्रम वाढू लागतात. ४५ किलो वजनाच्या बाईस हा हिस्सा ९ किलोंचा झाला. आपल्याकडचा भरला हंडा १५ किलोंखाली क्वचितच असतो. तेव्हा एका खेपेत फार आणण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये, आणि एखादी हातगाडी वा सायकल घरात असेल तर ती पुरुषांच्या फिरण्यासाठीच आहे असे समजू नये.

शेवटी शिक्षकांस एक काम सुचवितो. ज्या गावी हातपंप अद्याप चालू आहे, तेथे सकाळी पहिला दांडा मारणाऱ्याने पाणी तोंडाशी येईपर्यंत किती दाब लागले ते मोजावे. झडपा व नळाचे सांधे चांगले असतील तर रात्रभर पाण्याचा खांब नळात तसाच उभा राहतो, व थोड्याच दाबांत पाणी पडते. नळातील सुमारे ४४ सेंटिमीटर जागा भरण्यास एक दाब लागतो. तेव्हा २० दाब रिकामे गेले तर खांब रात्रीतून ९ मीटरांच्या आसपास खाली उतरला असे जाणावे. त्यानंतर घड्याळ लावून ४० पूर्ण दाब द्यावे आणि बादलीत १५-१६ लिटर येतात की नाही ते पाहावे. अर्धवट, घाईचे दाब मोजू नयेत. वरच्या वर्गातील मुलांकडून हे दोन्ही आकडे दर शनिवारी वहीत लिहवून घ्यावे. पहिला आकडा वाढत चालला किंवा दुसरा घटत चालला, तर दट्ट्याची वायसर किंवा तळची झडप गेली असे समजून पंचायतीस त्याच आठवड्यात कळवावे. दांडा कोरडा खडखडेपर्यंत वाट पाहू नये.