नव्या हातांचा वेग हिशेबात कसा धरायचा?

प्रश्न : अमरावतीत शिलाईचा छोटा कारखाना काढतोय. कारागीर नवे आहेत. आधी हळू शिवतील, मग हात बसेल. ऑर्डरची तारीख कशाच्या भरवशावर द्यायची? गणिताची काही मदत होते का?

उत्तर : नक्की होते. हात बसण्याचं माप १९३६ साली टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने विमान-कारखान्यांतून मांडलं : एकूण उत्पादन दुप्पट झालं, की दर नगामागची सरासरी वेळ आधीच्या साधारण ८० टक्क्यांवर येते. समजा, एका कारागिराला पहिले १०० शर्ट शिवायला १०० तास लागले. मग २०० शर्टांना १६० तास लागतील आणि ४०० शर्टांना २५६.

आता ४०० शर्टांची ऑर्डर एकाच कारागिराला दिली, तर आठ तासांच्या पाळीने ३२ दिवस लागतील. दोघांत वाटली तर माल २० दिवसांत तयार. पण मजुरीचे तास ३२० होतील, कारण शिकण्याचा वेळ दोनदा मोजावा लागतो. दोन कारागिरांचं हे तोंडी जमतं. दहा कारागीर आणि पाच ऑर्डरी झाल्या, की संगणक लागतो.

तिथे खरी अडचण येते. अशी वाटणी ठरवायला संगणक वापरतो ती, डँटझिग या गणितज्ञाने १९४७ मध्ये शोधलेली सिम्प्लेक्स पद्धत सरळ रेषांवर चालते; शिकण्याची रेषा मात्र वाकडी. म्हणून तिचे तुकडे पाडतात : पहिलं शतक १०० तासांचं, दुसरं ६० तासांचं, पुढचे दोनशे ९६ तासांचे. पण मोकळं सोडलं तर गणित स्वस्त तुकडा आधी उचलतं, म्हणजे न शिकताच वेगवान! पहिलं शतक पुरं झाल्याशिवाय दुसरं उघडू नये, यासाठी ‘हो किंवा नाही’ एवढंच उत्तर देणारे चल घालावे लागतात. लहान कारखान्याचं असं गणित एक्सेलमधल्या सॉल्व्हरवरही मांडता येतं.

तुमच्याजवळच्या नांदगाव पेठेत कापडउद्योग आहेच. अमरावतीच्या पीएम मित्र या कापडउद्योग पार्कची पायाभरणीही २० सप्टेंबर २०२४ ला झाली. नव्या हातांची गरज वाढणार. त्यांच्यावर पहिल्याच दिवशी मुरलेल्या कारागिराचं टार्गेट लादणं मला साफ चूक वाटतं. कंटाळून माणूस सोडून गेला, की त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्या शर्टापासून सुरुवात करतो. कामात मोठा खंड पडला तरी बसलेला हात थोडा मोडतोच. तेवढी सवड तारखेत ठेवा.

आणि ८० टक्के हा आकडा विमानांचा आहे. तुमचा आकडा तुम्हीच काढा : पहिल्या दिवसापासून प्रत्येक कारागिराच्या दर शंभर नगांची वेळ वहीत लिहा, आणि तो आकडा हाती येईपर्यंत मोठ्या ऑर्डरला पक्की तारीख देऊ नका.