प्रारब्ध आणि क्रोध : ईडिपसची कथा

प्रारब्ध अटळ असेल तर क्रोध आवरून काय साधणार, असा प्रश्न साधकाच्या मनात पुष्कळदा उठतो. सोफोक्लीझ या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘ईडिपस राजा’ या शोकान्तिकेतील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे.

कॉरिन्थचा राजा आपला खरा पिता आहे की नाही, या शंकेने ईडिपस डेल्फीस गेला. पित्याचा वध तुझ्या हातून घडेल आणि मातेशी तुझा संग होईल, असे अपोलोच्या देववाणीने त्यास कळविले. कॉरिन्थ टाळून तो निघाला. तीन वाटा मिळतात तेथे एक रथ समोरून आला. सारथ्याने त्यास बाजूस लोटताच त्याने रागाने सारथ्यास मारले. रथातील वृद्धाने त्याच्या मस्तकावर पराणी हाणली. आणि क्षणात तो वृद्ध गतप्राण झाला. तोच त्याचा जन्मदाता लेयस!

क्रोधापासून संमोह व संमोहापासून स्मृतिभ्रंश, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील (श्लोक ६३) क्रम येथे अक्षरशः दिसतो. पित्याविषयी शंका असलेल्या, नुकतीच अशी वाणी ऐकलेल्या पुरुषाने पितृवयाच्या कोणावरही हात उगारावयास नको होता. देववाणीने वध सांगितला होता; क्रोध कर, असे सांगितले नव्हते.

इ. स. पू. ४०१ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेल्या ‘कलोनस येथील ईडिपस’ या नाटकात तो वृद्ध व अंध आहे. पितृवध अजाणता घडला, असे तो म्हणतो. मात्र स्वतःचे डोळे फोडताना आपला क्रोध अपराधाहून पुढे धावला, हे मान्य करतो. आणि त्याच नाटकात, पुढे, आपल्या पुत्रांना शाप देतो.