टोकियोत शाकाहारी मित्राचं जेवण

प्रश्न : आम्ही चार मित्र टोकियोला निघालोय. एक जण शुद्ध शाकाहारी. एकत्र जेवता येईल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नक्की येईल, पण ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. सोबा नूडल्सच्या नितळ रश्शातही बहुधा ‘दाशी’ असते, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कात्रणांचा अर्क. ‘माशाची दाशी चालत नाही’ हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवाच.

मुक्काम निशी-कासाईत करा. भारतीय वस्ती मोठी, शाकाहारी जेवण सहज मिळतं. याच एदोगावा भागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक झाले. तिथून तोझाई मेट्रोने निहोम्बाशी, पुढे गिन्झा मार्गाने असाकुसाचं सेन्सोजी मंदिर. सकाळी लवकर जा, नंतर गर्दी फार होते.