हिवाळ्याची पूर्वतयारी : काही विचार

महाराष्ट्रातून मोसमी वारे साधारणतः ऑक्टोबरमध्ये माघार घेतात. आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. म्हणूनच सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास असते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक खाली गेले, की भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानतो.

ही लाट साऱ्या गावावर येते. तिला तोंड देण्याची साधने मात्र साऱ्या गावाकडे नसतात. बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कुटुंबासह बाहेर पडतात, ऐन थंडी कोपीत काढतात आणि पहाटेच्या अंधारातच फडात उतरतात. शेतीपंपाची वीज रात्री मिळते तेव्हा पिकाला पाणी देणारा शेतकरी त्याच गारठ्यात ओल्या पायांनी उभा असतो. थंडीची तयारी हा म्हणूनच केवळ घरगुती व्यवस्थेचा नव्हे, तर सामाजिक जबाबदारीचाही प्रश्न आहे.

आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ हे अनुभवातून आलेले शास्त्र आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब टिकवते. त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक उपयोगी पडतात. वाकळ उन्हात कोरडी करावी आणि अंथरुणाखाली कोरडे गवत किंवा पोते घालावे, कारण थंडी जमिनीतूनही चढते. तान्ह्या बाळाचे डोके झाकावे. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून मात्र कधीही झोपू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस दगावतो.

आता ऋतूंचाही भरवसा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली; द्राक्ष व कांद्याचे मोठे नुकसान झाले. म्हणून हिवाळ्यातही चारा, सरपण आणि काढलेले पीक झाकण्याची सोय हाताशी हवी. हवामानाचा अंदाज रोज पाहण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी तो घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. जानेवारीत कांबळी वाटण्यापेक्षा ऑक्टोबरातच आपल्या वस्तीची पाहणी करावी. एकटे वृद्ध कोण आहेत, बाळंतीण कोणत्या घरी आहे, दम्याचा रुग्ण कुठे आहे, गावाच्या शिवारात कोपी कोणाची पडली आहे, याची यादी करावी. पांघरूण थंडीच्या आधी पोहोचले, तरच ते कामी येते.