लायबेरिया : युद्धानंतरची लोकसंख्या आणि समाज



‘लोकसंख्या’ हा घटक शिकवताना आपण फळ्यावर आकडे लिहितो, मुलं ते वहीत उतरवतात आणि धडा संपतो. आज आकड्यांमागची माणसं पाहू या.

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात १९८४ साली जनगणना झाली. लोकसंख्या भरली सुमारे २१ लाख. पुढची जनगणना झाली थेट २००८ मध्ये, तेव्हा ती सुमारे ३५ लाख होती. मधली २४ वर्षं या देशाला आपली माणसं मोजताच आली नाहीत. त्याच काळात आपल्याकडे १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणना झाल्या. मुलांना आधी हेच विचारा, असं का झालं असेल?

युद्धाची कारणं

अमेरिकेतून आलेले मुक्त कृष्णवर्णीय लोक १८२२ पासून इथे वसले. १८४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. स्थानिक जमाती सोळा, पण सत्ता मात्र या छोट्या गटाकडेच राहिली. १९८० च्या लष्करी उठावात ती गेली. तरी नव्या राजवटीनेही आपल्याच जमातीला जवळ केलं. १९८९ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि मधला थोडा काळ वगळता २००३ पर्यंत चाललं. अंदाजे अडीच लाख माणसं मेली. हजारो लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या.

युद्धानंतरचा समाज

• शहर : जीव वाचवायला लोक राजधानी मन्रोव्हियाकडे धावले. २००८ मध्ये तिथे सुमारे दहा लाख लोक होते, म्हणजे देशातल्या दर दहांपैकी जवळजवळ तीन.

• शाळा : शिक्षण बुडाल्यामुळे पहिली-दुसरीच्या वर्गात दहा-बारा वर्षांची, कधी त्याहून मोठी मुलं बसू लागली. अशा वर्गात आपण कसं शिकवलं असतं, याचा जरूर विचार करा.

• न्याय : सत्य व सलोखा आयोगाने २००९ मध्ये खटल्यांची शिफारस केली, पण देशात विशेष न्यायालय वर्षानुवर्षं उभंच राहिलं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. ज्यांनी भोगलं आणि ज्यांनी छळलं, ते आजही एकाच बाजारात भाजी घेतात.

सावरणारे हात

२००३ मध्ये लेमाह ग्बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिश्चन आणि मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून शांततेसाठी रस्त्याकडेला ठिय्या देऊन बसल्या. २००५ च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या. आफ्रिकेतल्या त्या पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष. २०११ च्या शांततेच्या नोबेल पुरस्कारात या दोघी होत्या. आणि हेही मुलांना आवर्जून सांगा की संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत २००७ पासून भारतीय महिला पोलिसांची तुकडी तिथे पहारा देत होती.

वर्गात काय करता येईल?

फळ्यावर १९८४, २००८ आणि २०२२ (सुमारे ५२ लाख) हे आकडे लिहा. रेघ वर चढताना दिसेल. मग विचारा, ‘या रेघेत युद्ध कुठे दिसतं?’ ते दिसत नाही, आणि हाच आजचा धडा. संख्या वाढली म्हणजे समाज सावरला असं नव्हे. मुलांची उत्तरं ऐका, घाई करू नका.