आजचं चिंतन : कपाटातले सुपरहिरो
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १३)



भूगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक काचेचं कपाट आहे. बॅटमॅन, आयर्न मॅन, स्पायडरमॅन, सगळे ओळीने उभे. पाहुणे आले की मी आधी तेच दाखवतो. परवा पाच वर्षांच्या भाच्याने हात पुढे केला आणि मी ओरडलोच, "हात लावू नकोस!" बिचारा हिरमुसला.

आजच्या श्लोकात भगवंत आसुरी मनाचा हिशेब मांडतात : आज काय मिळवलं, पुढे काय मिळवायचं. पंधराव्या श्लोकात तर त्या माणसाला आपल्या तोडीचा कुणी दिसतच नाही. जमवणं ते मिरवणं, अंतर फक्त दोन श्लोकांचं!

दिनकर केळकरांनीही आयुष्यभर वस्तू जमवल्या. आज पुण्यातल्या त्या संग्रहालयात २०,००० हून जास्त वस्तू आहेत. पण त्यांनी त्याला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. आणि संग्रह शासनाला देऊन टाकला. छंद राहिला, 'माझं' सुटलं.

रविवारी भाचा पुन्हा येतोय. स्पायडरमॅन त्याच्या हातात देणार आहे. जड जाईल, पण आजची साधना तीच. तुमच्या कपाटातलं काय द्याल?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥