बालवाडीतली मुले आणि एड्स

मूल तीन-चार वर्षांचे झाले की प्रश्न विचारू लागते. चांदोबा कुठे गेला? गाय का हंबरते? आणि एखाद्या दिवशी विचारते, "आई, एड्स म्हणजे काय गं?" दवाखान्याच्या भिंतीवरचे चित्र पाहून विचारते, नाही तर मोठ्यांची कुजबूज ऐकून विचारते.

अशा वेळी आपण काय करतो? "गप्प बस, असले काही बोलू नये," म्हणून दटावतो. मूल गप्प बसते, पण भीती त्याच्या मनात घर करते. मग तेच मूल बालवाडीत दुसऱ्या पोराला म्हणते, "तू माझ्याजवळ बसू नकोस."

म्हणून हा धडा मोठ्यांसाठी आहे. आधी आपण समजून घेऊ, मग पोराला सांगू.

आजार कसा आहे?

एचआयव्ही हा फार बारीक विषाणू आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. तो शरीरात शिरला की रोगाशी झगडण्याची ताकद हळूहळू कमी करतो. औषध घेतले नाही तर पुढे जी अवस्था येते, तिला एड्स म्हणतात. रोज नियमाने औषध घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो, पुष्कळ वर्षे जगतो.

लहान मुलाला हा विषाणू बहुतेक वेळा आईकडून येतो. पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा अंगावर पिताना येतो. काहीच उपचार केले नाहीत तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईने वेळेवर औषध घेतले आणि बाळालाही दिले, तर हे प्रमाण १०० त ५ च्याही खाली येते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईने तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आपल्या देशात सरकारतर्फे औषधही २००४ सालापासून फुकट मिळू लागले.

आता हे नीट ध्यानात ठेवा. शिवल्याने हा आजार होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, खोकल्याने, डास चावल्याने होत नाही. फुगडी खेळल्याने नाही, पापा घेतल्यानेही नाही.

पोराला काय सांगावे?

लहान मुलाला सगळे सांगायचे नसते. त्याच्या ओंजळीत मावेल तेवढेच द्यावे. आजी आणि नातू कसे बोलतात पाहा.

"आजी, एड्स म्हणजे काय?"

"तो एक आजार आहे, बाळा. त्याचे जंतू रक्तात असतात."

"मला होईल?"

"खेळून, जेवून होत नाही रे. पण कुणाला लागले, रक्त आले, तर आपण हात लावायचा नाही. पळत जाऊन ताईंना सांगायचे. सुई, ब्लेड दिसले तरी उचलायचे नाही."

"आणि माझेच रक्त आले तर?"

"तरी ताईंनाच सांगायचे. सगळ्यांना नियम एकच."

"मग ज्याला तो आजार आहे, त्याच्याशी खेळू?"

"खेळ की! त्यालाही सोबती हवाच ना?"

झाले. एवढे पुरे. मरणाची भीती घालू नये. आजार कुणाच्या पापाचा आहे, असे तर मुळीच बोलू नये.

आजीच्या बोलण्यात एक मोठी गोष्ट आहे. नियम सगळ्यांना एकच! कुणाचेही मूल पडले, तरी ताईंनी हातमोजे घालावेत. ते नसतील तर हाताला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. जखम पाण्याने धुवावी, पट्टी बांधावी. सांडलेले रक्त पुसून जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. मग आपले हात साबणाने धुवावेत. प्रत्येक मुलाच्या बाबतीत असेच केले, तर कोणाला आजार आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. मग एखाद्या पोराचे बसकर वेगळे मांडायचे कारण काय?

दुसऱ्या देशातील एक गोष्ट

दक्षिण आफ्रिकेत या आजाराने लाखो मुले पोरकी झाली. तेथे 'तकलानी सेसमे' नावाचा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम आहे. त्यात २००२ साली कामी नावाची एक बाहुली आली. कामी पाच वर्षांची. तिला एचआयव्ही आहे, आणि तिची आई एड्सने वारली आहे. तरी ती हसते, खेळते, सवंगड्यांना धीर देते. तिचे नाव तिकडच्या त्स्वाना भाषेतल्या शब्दावरून ठेवले आहे. त्या शब्दाचा अर्थ स्वीकार, म्हणजे आपलेसे करणे. तिकडची पोरे बाहुलीकडून जे शिकली, ते आपली पोरे आपल्याकडे पाहून शिकतील.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात २०१७ साली एचआयव्ही व एड्स कायदा झाला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणालाही शिक्षण नाकारता येत नाही. ज्याचा आजार त्याच्या संमतीवाचून बोभाटा करता येत नाही. मुलाच्या बाबतीत ही संमती पालकांची. तेव्हा पाणवठ्यावर, पारावर कुणाच्या लेकराचे नाव घेऊ नका. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्याच मुलाला औषध चालू असेल, तर त्याला खोटे सांगू नये. "हा खाऊ आहे," असे म्हणू नये. "तुझ्या रक्तातले जंतू झोपून राहावेत, म्हणून हे औषध रोज घ्यायचे," एवढे सांगावे. आजाराचे नाव पुढे, ते शाळेत जाऊ लागल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने सांगावे.

पोर बालवाडीतून आले की आपण विचारतो, "आज काय खाल्लेस?" तसेच कधी विचारा, "आज कोण एकटे बसले होते?" आणि म्हणा, "उद्या त्याला खेळायला घे हं!"

विचार करा व सांगा

१. कोणत्या गोष्टींनी हा आजार होत नाही? चार सांगा.
२. गरोदरपणी तपासणी का करावी?
३. रक्ताचा नियम सगळ्या मुलांना एकच का असावा?
४. तुमच्या मुलाने विचारले, "एड्स म्हणजे काय?" तर तुम्ही काय सांगाल? तीन वाक्ये लिहा.